बर्फातल्या बोटाचं वय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या हर्णे बंदरावर आरोग्य शिबिर झालं. मी जन्मभर तांडेल, वय ६१. आता होडी मुलगा नेतो, मी किनाऱ्यावर पेट्या भरतो. त्या दिवशी बांगड्यावर बर्फ टाकत होतो. हाक आली तसा ओल्या हातानेच तंबूत गेलो. बोटाला चिमटा लावला आणि मिनिटभरात चिठ्ठी निघाली: ‘रक्तवाहिन्यांचे वय ७८’. शेजारच्या टेबलावर त्यावरची पावडर हजर, डबा १,८०० रुपये. घेतला. बायको म्हणाली, "लग्नात वय चोरलं होतंत की काय?"

धमन्या वयाने ताठरतात, हे मला पटतं. इंजिनाचा नवा रबरी पाईप दाबला तर दबतो, पंपाचा ठोका पोटात घेतो. उन्हाखाऱ्यात कडक झालेला पाईप तोच ठोका पुढच्या जोडावर आदळवतो. माणसात तो जोड म्हणजे मेंदू, मूत्रपिंड. आणि खुद्द पंपालाही, म्हणजे हृदयाला, जोर जास्त लावावा लागतो.

पण वय कशावरून काढलं? दापोलीला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पाच मिनिटं गप्प बसवलं, मग दंडाला पट्टा बांधला. १५८/८२. आठवड्याने पुन्हा बोलावलं, तेव्हाही तेवढाच. वरच्यातून खालचा वजा केला तर ७६. माझ्या वयात हा फरक ६०च्या वर गेला तर मोठी धमनी ताठरल्याची खूण धरतात, म्हणाले. नेमकी तपासणी वेगळी असते. नाडीची लाट मानेत कधी पोचली, जांघेत कधी, हे पाहून वेग काढतात. सेकंदाला १० मीटरच्या वर असेल तर धोका. बोटावरचं वय हा निव्वळ अंदाज, आणि गारठलेल्या बोटातल्या बारीक वाहिन्या आखडल्या की तोही बिघडतो. गोळी सुरू झाली, खारा बांगडा बंद झाला. (या दुसऱ्याचं दुःख जास्त.)

शिबिरं भरवणाऱ्यांना एवढंच सांगणं: माणसाला आधी बसू द्या, हात ऊबेला येऊ द्या, आणि चिठ्ठीवर रक्तदाबाचे दोन्ही आकडे लिहा. माझ्या चिठ्ठीवर ते नव्हते. पट्ट्याचं यंत्र टेबलावर होतं. त्या दिवशी ते कोणाच्याच दंडाला लागलेलं मी पाहिलं नाही.

आपला,
एक निवृत्त तांडेल, हर्णे (ता. दापोली)