फिना गेलच्या इतिहासात बेळगावही आहे

माननीय संपादक,

स.न.वि.वि.

लिओ वराडकर यांच्यावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. मालवण तालुक्यातल्या वराड गावच्या डॉक्टरांचा मुलगा आयर्लंडचा पंतप्रधान झाला, याचा अभिमान मलाही आहे. पण ज्या ‘फिना गेल’ पक्षाने त्यांना त्या पदावर बसवले, त्याची ‘उदारमतवादी पक्ष’ एवढ्या दोन शब्दांत बोळवण केलेली मला खटकली.

हा पक्ष यादवीच्या वैरातून उभा राहिला. ब्रिटिशांशी १९२१ मध्ये झालेल्या करारावरून आयरिश स्वातंत्र्यसैनिकांत फूट पडली. कराराच्या बाजूच्या सरकारने १९२२-२३ मध्ये कालपर्यंतच्या साथीदारांपैकी सत्तरहून अधिक जणांना देहदंड दिला. त्या सरकारचे नेतृत्व ऑगस्ट १९२२ पासून डब्ल्यू. टी. कॉसग्रेव्ह यांच्याकडे होते. १९३२ मध्ये कराराला विरोध करणाऱ्या डी व्हॅलेरांच्या ‘फियाना फॉल’ पक्षाने त्यांना हरवले आणि पुढच्याच वर्षी कॉसग्रेव्ह यांचा पक्ष, शेतकऱ्यांचा पाठिंबा असलेली नॅशनल सेंटर पार्टी आणि निळे शर्ट घालून संचलन करणारी एक संघटना यांच्या विलीनीकरणातून फिना गेल जन्माला आला. पहिले अध्यक्ष होते या निळ्या शर्टवाल्यांचे नेते ओडफी! वर्षभरात ते पद सोडून गेले, हे पक्षाचे नशीब. आपण नागरिकशास्त्रात आयर्लंडच्या ज्या १९३७ च्या राज्यघटनेतून मार्गदर्शक तत्त्वे घेतल्याचे शिकतो, तिलाही या पक्षाने विरोधच केला होता.

जमाखर्चाचा मेळ, परदेशी कंपन्यांना कमी कर, युरोपीय संघावर निष्ठा, कडक कायदा-सुव्यवस्था ही त्यांची आजची धोरणे. यात फियाना फॉलशी त्यांचा फारसा मतभेद उरलेला नाही. २०२० पासून दोघे एकत्र सरकार चालवतात.

बदलली ती सामाजिक भूमिका, आणि याचसाठी हे पत्र लिहीत आहे. १९८३ मध्ये पंतप्रधान फिना गेलचेच गॅरेट फिट्झगेराल्ड होते. पोटातल्या गर्भाला आईइतकाच जगण्याचा हक्क देणारी आठवी घटनादुरुस्ती त्यांच्याच काळात सार्वमताने झाली. तिच्या शब्दरचनेला त्यांचा स्वतःचा विरोध होता, पण दुरुस्ती आणण्याचे आश्वासन ते आधीच देऊन बसले होते. त्याची किंमत कोणी मोजली? आमच्या बेळगावच्या सविता हलप्पनवार यांनी. व्यवसायाने दंतवैद्य, वय ३१. सतराव्या आठवड्यात गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झाले होते, तरी त्याच्या हृदयाचे ठोके चालू आहेत म्हणून आयर्लंडमधल्या गॉलवेच्या रुग्णालयात त्यांना गर्भपात नाकारण्यात आला. २८ ऑक्टोबर २०१२ रोजी रक्तातल्या जंतुसंसर्गाने त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा सत्तेवर फिना गेलचेच एंडा केनी होते.

डब्लिनच्या रस्त्यांवर हजारो लोक सविताचे फोटो घेऊन उतरले. २०१३ मध्ये केनी सरकारने आईचा जीव धोक्यात असेल तरच गर्भपाताला परवानगी देणारा कायदा केला. एवढ्याशा कायद्याविरुद्धही पक्षाच्या पाच खासदारांनी मत दिले आणि त्यांना संसदीय पक्षातून बाहेर काढावे लागले. अखेर मे २०१८ मध्ये, वराडकर पंतप्रधान असताना, ६६ टक्के मतदारांनी आठवी दुरुस्ती रद्द केली. त्यांनी आणि त्यांच्या आरोग्यमंत्र्यांनी त्यासाठी प्रचार केला, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण पक्षाला तिथवर ओढत नेले ते तिथल्या बायकांनी. पस्तीस वर्षे त्या या प्रश्नावर लढत होत्या.

वराडला कौतुकाचे पान मिळाले, ते योग्यच. पण त्याच पानावर सविताच्या नावाला एक ओळही मिळू नये, याचे वाईट वाटले. पुढचा लेख तिच्यावर आणि त्या सार्वमतावर द्यावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव