ओजीबद्दल, सविस्तर

प्रिय सम्या,

त्या दिवशी फोनवर तू म्हणालास की पाच पोरं डोटा हा ऑनलाइन गेम खेळणार तर त्याला ऑर्गनायझेशन वगैरे कशाला, आणि दोस्तीवर उभी राहिलेली टीम तशीही टिकत नाही. उत्तर द्यायचं राहिलं, म्हणून आता लिहितोय, लांबेल बहुतेक.

बघ, बहुतेक ठिकाणी मालक वेगळा आणि खेळाडू पगारावर. पगार, बूटकॅम्प म्हणजे सरावाचं शिबिर, व्हिसा, स्पॉन्सर हे सगळं ऑर्ग बघते. ओजी ही डोटाची टीम मात्र २०१५ मध्ये खेळाडूंनीच काढली, डेन्मार्कचा नोटेल आणि इस्राएलचा फ्लाय, जुने मित्र. रेड बुल वगैरे पाठीशी आले आणि २०१७ पर्यंत मेजर म्हणतात त्या मोठ्या स्पर्धा चार जिंकून मोकळे झाले. फक्त द इंटरनॅशनल, म्हणजे टीआय, डोटाची सगळ्यात मोठी स्पर्धा, ती काही हाताला लागत नव्हती.

आणि मग मे २०१८! फ्लाय आणि टीममधला एस-फोर सरळ इव्हिल जीनियसेस या दुसऱ्या टीममध्ये गेले. म्हणजे तुझं दोस्तीवालं म्हणणं तिथे शंभर टक्के खरं ठरलं, मान्य. खेळाडूंपैकी नोटेल आणि जेरॅक्स उरले. कोच सेब स्वतः खेळायला बसला, ऑस्ट्रेलियाचा अ‍ॅना परत आला, आणि टॉपसन नावाचा वीस वर्षांचा फिनिश पोरगा घेतला ज्याने तोवर एकही मोठी लॅन स्पर्धा, म्हणजे एकाच जागी समोरासमोर बसून खेळायची, खेळलेली नव्हती. रोस्टर म्हणजे खेळाडू बदलल्यामुळे टीआयचं थेट आमंत्रण बंद, कुणालाही खुल्या असलेल्या ओपन क्वालिफायरपासून सुरुवात. तिथून टीआयसाठी व्हँकुव्हरला पोचले, तिथे फ्लायच्याच टीमला २-१ हरवलं आणि फायनलला पीएसजी एलजीडी या चिनी टीमला ३-२. आपल्याकडे तेव्हा पहाट, आणि मी घरच्यांची झोपमोड नको म्हणून तोंडावर उशी धरून ओरडत होतो.

लोक याची मैत्री-विश्वास-परिवार अशी स्टोरी करतात, मला ते जरा जास्तच गोड वाटतं. त्यांचा खेळच चक्रम होता रे. समोरच्याला ड्राफ्ट, म्हणजे हे कुठले हिरो (गेममधली पात्रं) निवडणार, ते वाचताच यायचं नाही. २०१९ ला शांघायमध्ये अ‍ॅनाने आयओ कॅरी, म्हणजे टीमचा मुख्य मारेकरी म्हणून खेळला, आयओ! जो हिरो सगळे सपोर्ट म्हणून दुसऱ्याला चिकटवतात तो. आणि बायबॅक, म्हणजे मेलेला हिरो गेममधलं सोनं देऊन लगेच परत आणणं, तर असे उधळायचे की बघणाऱ्याला धडकी भरावी. फायनलला लिक्विड या टीमला ३-१ हरवून लागोपाठ दुसरी टीआय, तोवर कुणी दोनदा जिंकलीच नव्हती. बक्षीस एक कोटी छप्पन्न लाख डॉलर, आपले शंभर कोटींच्या वर, आणि एकूण रकमेतला बराचसा पैसा तुझ्यामाझ्यासारख्यांनी बॅटल पास, म्हणजे गेममधलं सीझनचं पॅकेज, विकत घेऊन भरलेला.

पुढे जेरॅक्स आणि अ‍ॅना रिटायर झाले, नोटेल बाजूला झाला, आणि २०२१ च्या शेवटी जवळपास सगळी नवी पोरं आणली. मला वाटलं संपलं आता. तर त्यांनी २०२२ ला स्टॉकहोम मेजर मारली, आणि तीही नव्या टीममधल्या मिशाच्या जागी सेबला परत बसवून. इथेच तर ऑर्ग लागते ना, खेळणारे गेले तरी पुढची टीम उभी करायला कुणीतरी जागेवर असावं लागतं.

व्हँकुव्हरची फायनल युट्यूबवर आहे, पाचही गेम बघ. चौथ्यात सेबचा अ‍ॅक्स हा हिरो येतो, तो चुकवायचा नाही. आणि वहिनींना आधीच सांगून ठेव, रात्र जाईल.

तुझा,
पक्या