हात फिरवू नका, नुसता ठेवा

रात्रपाळीच्या सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

एनआयसीयूतून, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून, बाळ घरी आलं की आभार मानायचे ते डॉक्टरांचे, अशी रीत आहे. ते मानून झाले, अगदी मनापासून. हे पत्र मात्र तुम्हाला, आणि तेही तुमच्या एका वाक्यासाठी: 'हात फिरवू नका, नुसता ठेवा.'

दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळाला ज्या काचेच्या पेटीत ठेवतात, तीत ज्यांना कधी हात घालावा लागला नाही, त्यांना यात आभार मानण्यासारखं काय आहे हे कळणार नाही. म्हणून जरा सविस्तर.

बाळाला हात लावायचा म्हणजे गोंजारायचं, हे कुणी शिकवावं लागत नाही. पूर्ण दिवसांच्या बाळाला ते आवडतंही. पण २८-३० आठवड्यांत बाहेर आलेल्या बाळाची कातडी इतकी पातळ असते की खालच्या शिरा दिसतात. स्पर्श, उजेड, आवाज यातलं काय घ्यायचं नि काय सोडायचं, एवढी तयारी त्याच्या मेंदूची अजून झालेली नसते. बोटाचं टोक दंडावरून हलकेच सरकलं तरी ते दचकतं. बोटं फाकतात, हातपाय ताठ होतात, पाठीची कमान होते. कधी नुसती जांभई येते, उचकी लागते किंवा शिंक येते, आणि ती कंटाळ्याची किंवा सर्दीची नसते. 'आता पुरे' म्हणायची त्या बाळाची ती भाषा असते. मग रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ९३ वरून ८६ वर उतरतो, मॉनिटर ओरडायला लागतो आणि आई हात बाहेर ओढून घेते. माझ्या हातानं बाळाला त्रास होतो, एवढंच तिच्या मनात उरतं. पुढचे चार दिवस ती काचेतून बघत बसते.

तुमच्याआधी भेटलेल्यांनी तिला तिथेच सोडलं होतं. 'सांगितलं होतं ना, हात लावू नका.' 'लांबून बघा.' 'भेटायची वेळ संपली.' जंतुसंसर्गाची भीती खोटी नाही, आणि एका माणसाच्या वाट्याला पाच-सहा पेट्या आल्या की समजावत बसायला वेळ नसतो, हेही मान्य. पण आईला हात धुवायला शिकवायला लागतं किती? एक मिनिट. अंगठी, घड्याळ काढायचं, कोपरापर्यंत साबण लावायचा, ४० ते ६० सेकंद चोळायचं, बोटांच्या बेचक्या आणि अंगठा विसरायचा नाही. मग हात पूर्ण कोरडे करायचे, कारण ओल्या हातावरून जंतू सहज पसरतात आणि बाळाला तो हात गारही लागतो. हे एक मिनिट वाचवून सहीसाठी कागद तेवढे पुढे सरकवणाऱ्यांचा राग अजून गेलेला नाही. ते इथेच लिहून टाकलेलं बरं.

तुम्ही पेटीची खिडकी आवाज न करता उघडली आणि आईचे हात आधी एकमेकांवर चोळून गरम करायला लावले. एक हात वाटीसारखा करून डोक्याला, टाळूवर भार न देता. दुसरा दुमडलेल्या पायांभोवती, तळवे आत घेऊन. स्पर्श हलका नको आणि दाबही नको. भरलेली वाटी न सांडता धरताना हात जसा असतो, तसा. मग हलायचं नाही. काही बोलायचं असेल तर हळू आवाजात आणि हात ठेवण्याआधी, कारण एका वेळी त्याला एकच गोष्ट झेपते. पहिल्या मिनिटात काही फरक दिसला नाही तरी थांबायचं. दोन-तीन मिनिटांत श्वास एकसारखा होतो, कपाळावरची आठी जाते, मूठ तोंडापाशी येते. निघताना दोन्ही हात एकदम उचलायचे नाहीत. आधी एक, जरा थांबून दुसरा.

पोटात असताना बाळानं पाय ताणला की चहूबाजूंनी भिंत लागायची. पेटीत पाय ताणला की काहीच लागत नाही. कापडाच्या गुंडाळ्या लावून तुम्ही त्याच्याभोवती घरटं करता ते याचसाठी, आणि आईचा हात हे त्या घरट्यापेक्षा बरं, कारण तो गरम असतो. टाचेतून रक्त काढायच्या वेळी आईबापांना बाहेर काढायचा रिवाज आहे. तुम्ही उलट त्यांना धरायला बोलावलंत. असं धरलेलं बाळ कमी रडतं आणि लवकर निवतं. टोचण्याआधी दोनेक मिनिटं जिभेवर आईच्या दुधाचे थेंब दिले तर आणखी बरं.

तुमची बाकीची शिकवणही या एका वाक्यातूनच निघाल्यासारखी होती. दुधाचंच बघा. पहिल्या दिवशी वाटीच्या तळाशी चिकटलेले चार थेंब घेऊन आई ओशाळून उभी राहते, आणि आधीच्या पाळीतल्या कुणीतरी 'एवढ्यानं काय होणार, पावडर आणा' असं म्हणून ठेवलेलं असतं. तुम्ही एक मिलीची सिरिंज काढून ते थेंब एकूण एक ओढून घेतले आणि वर वेळ लिहिली. नंतर शांतपणे हिशेब सांगितला: एक किलोच्या बाळाला सुरुवातीला दिवसाचं दूधच १० ते २० मिली लागतं. दर दोन तासांनी दिलं तर एका वेळी जेमतेम एक-दीड मिली. चिकाच्या दुधाचे ०.१ मिली एका गालात आणि ०.१ मिली दुसऱ्या गालात लावले तरी ते कामाचे. त्या आईच्या चेहऱ्यावर तेव्हा काय उमटलं, ते तुम्ही पाहिलं असेल की नाही कोण जाणे. तुम्ही तोवर पुढच्या पेटीकडे गेला होतात.

पहिले दोन दिवस पंपाच्या नादी लागू नका, हेही तुमचंच. चीक घट्ट असतो, पंपाच्या नळीलाच चिकटून राहतो. हातानं काढायचं: अंगठा आणि तर्जनी समोरासमोर, काळ्या भागाच्या कडेला, आधी छातीकडे मागे दाबायचं, मग दोन्ही बोटं जवळ आणायची, सोडायचं. आणि इथेही तेच, बोटं कातडीवरून सरकवायची नाहीत. सरकवली की कातडी सोलवटते आणि दूध काही येत नाही. जन्मानंतर पहिल्या काही तासांतच सुरुवात, चोवीस तासांत ८ ते १० वेळा, त्यातली एक तरी मध्यरात्रीनंतरची. बाळ पेटीत आहे म्हणून रात्रभर झोप घेतलेल्या आईचं दूध आठवड्याभरात आटायला लागतं, आणि मग सगळे तिलाच बोल लावतात. नळीनं दूध देताना सिरिंज आडवी न धरता तोंड वर करून धरायची, म्हणजे वर तरंगणारी साय आधी जाते. नाहीतर वजन वाढवणारी तीच साय नळीत राहते. किती जणांना ठाऊक असतं हे?

मॉनिटरचं तुम्ही बरं समजावलंत. आईबाप आकड्यांकडे बघत बसतात आणि ऑक्सिजन १०० दिसला की खूश होतात. तुम्ही मात्र येऊन ऑक्सिजन कमी केलात, तेव्हा सगळ्यांच्या पोटात गोळा आला. बाहेरून ऑक्सिजन चालू असलेल्या अशा बाळाला ९० ते ९५ च्या मध्ये ठेवतात. जास्त झाला तर डोळ्याच्या पडद्यावर वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या वाढतात. म्हणूनच साधारण चौथ्या आठवड्यात पडद्याची तपासणी करायची, आणि बाळ घरी गेलेलं असलं तरी ती तारीख चुकवायची नाही. वेळेत दिसलं तर लेसरनं किंवा इंजेक्शननं दृष्टी वाचते, उशीर झाला तर मग हाती काही राहत नाही. हे तुम्ही फाईलच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहून दिलंत. दुसऱ्या कुणी तोंडीसुद्धा सांगितलं नव्हतं.

मॉनिटर वाजला की आधी बाळ बघायचं, मग आकडा. रंग गुलाबी आहे, छाती हलते आहे आणि पडद्यावरची लाट वेडीवाकडी आहे, तर बहुधा पायाला गुंडाळलेला सेन्सर सैल झालेला असतो. सीपॅप म्हणजे नाकातून हलक्या दाबानं हवा देणारं यंत्र. त्याच्या बाटलीतले बुडबुडे थांबले तर हवा कुठून तरी निसटते आहे: बाळाचं तोंड उघडं पडलंय, नाकातली नळी सरकली आहे किंवा जोड सुटलाय. बाटलीतली नळी पाण्यात पाच सेंटिमीटर बुडलेली असली की दाबही तेवढाच, इतकं सोपं ते यंत्र. आणि तरी नाकाच्या मधल्या पडद्याला नाकातली नळी टेकून जखम होऊ नये म्हणून दर खेपेला टॉर्च लावून बघणाऱ्या तुम्हीच. कधी कधी मात्र बाळ खरोखर श्वास घ्यायला विसरतं. श्वास २० सेकंद थांबला, किंवा त्याआधीच नाडी मंदावली, तर तेवढ्यापुरतं तुमचं वाक्य उलटं होतं: तेव्हा तळव्यावर बोट फिरवायचं, पाठ चोळायची. त्यासाठी तुम्ही लगेच धावून येताच, पण कारण कळल्यावर आईबापांचा निम्मा जीव खाली आला. श्वासाचं केंद्र अजून कच्चं असतं, म्हणून ते विसरतं. त्याचसाठी कॅफीन चालू असतं, कॉफीत असतं तेच. आणि बहुतेकांचं हे विसरणं दिवस भरत आले की थांबतं.

आवाजाबद्दल तर तुम्ही भांडलात. एनआयसीयूत ४५ डेसिबलच्या खाली राहावं असं म्हणतात आणि लोक पेटीच्या टपावर फाईल आपटतात. बाहेरच्याला ती टप्‌ वाटते, आतल्याला ढोल. पेटीवर जाड कापड पांघरलंत आणि मोठ्या डॉक्टरांनाही टपावरून पेन उचलायला लावलंत, हे दोन्ही लक्षात आहे.

छातीशी धरायची वेळ आली तेव्हा सगळ्यात जास्त घाई तुम्हाला होती. बाळाला असं उघड्या छातीशी धरायची कांगारू पद्धत १९७८ च्या सुमारास कोलंबियात, बोगोटाला, पेट्या कमी पडत होत्या म्हणून सुरू झाली. एदगार रे सानाब्रिया या डॉक्टरांनी. आजही काही जणांना ती पेटी नसलेल्यांची सोय वाटते. २०२१ साली भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया इथल्या रुग्णालयांतल्या अभ्यासाचा निकाल आला. त्यात १ ते १.८ किलोच्या बाळांना तब्येत स्थिर होण्याची वाट न बघता, जन्मल्यापासूनच छातीशी धरलं होतं. पहिल्या २८ दिवसांत त्यांच्यातली १२ टक्के दगावली. आधी स्थिर होऊ देऊन मग धरलेल्यांतली १५.७ टक्के. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं दिवसाचे किमान ८ तास, आणि जमेल तितके जास्त, असं सांगितलं. व्हेंटिलेटरवरच्या किंवा शॉकमधल्या, म्हणजे रक्ताभिसरण कोसळलेल्या, बाळाचं वेगळं. तुम्ही आकडे सांगत बसला नाहीत. खुर्ची ओढलीत, पाठ मागे टेकवायला लावलीत. लंगोट आणि टोपडं एवढंच अंगावर ठेवून बाळ बेडकासारखं छातीवर ठेवलंत: मान एका बाजूला आणि किंचित वर, हनुवटी छातीला टेकलेली नाही, नळ्या खांद्याशी चिकटवलेल्या, कापडाची कड कानाच्या खालपर्यंत. आणि बजावलंत की निदान तासभर तरी उठायचं नाही. उचलून ठेवण्यातच बाळ दमतं, त्याची एक झोप तरी पुरी होऊ द्या. पाठीवर थोपटायला निघालेला बापाचा हात तुम्ही हलकेच धरून थांबवलात. ठेवा. नुसता ठेवा.

तुम्हाला यासाठी कुणी वेगळं काही देत नाही, पाळीच्या वहीत याला रकाना नाही, आणि ते केलं नसतं तर कुणी जाबही विचारला नसता. चांगुलपणाची मोठी कामं लोकांना दिसतात. रात्री तीन वाजता, आपली पाठ दुखत असताना, परक्या बाईला स्टूल पुढे करून 'बसा, घाई नाही' म्हणणारी माणसं असतात म्हणून हे सगळं चालतं. अशी माणसं फार्मसीच्या खिडकीत भेटतात, लिफ्टमध्ये भेटतात, आणि ती न भेटल्याची रात्रही लक्षात राहते.

घरी आल्यावर पहिल्या दोन-तीन रात्री आईबाप भिंतीकडे बघत असतात, जिथे मॉनिटर असायला हवा होता. मग कुणीतरी उठून पाळण्याशी जातं. दिव्याचा उजेड चेहऱ्यावर पडू न देता रंग बघतं, छाती हलते का बघतं. हात चोळून गरम करतं. एक डोक्याला, एक पायांशी.

तुमचे,
पेटीशेजारच्या स्टुलावरचे आईबाप