सातचा भोंगा आपल्याकडेही वाजू द्या

संपादक साहेब, नमस्कार.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे, तिथे २०२२ मध्ये गावाने ठरवलं की संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला आणि मोठी माणसं वाचायला नाहीतर गप्पा मारायला. कोरोनात ऑनलाइन शाळेसाठी पोरांच्या हातात फोन दिले ते परत सुटलेच नाहीत म्हणून हे सुरू झालं. मला हे फार पटतं, कारण सगळ्यांचेच फोन एकदम बंद असले की आपलं काहीतरी मिस होतंय असं कुठल्या पोराला वाटत नाही, घरी एकट्याने नियम लावला की नुसती भांडणं होतात हो. रील्सला तर शेवटच नाही, एक संपलं की दुसरं, मग धड्याचं एक पान सलग वाचायचं म्हटलं तरी मुलं चुळबूळ करतात, झोप कमी आणि चिडचिड वेगळीच. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्यांना सोशल मीडियावर अकाउंट ठेवायलाच बंदी केली. आपल्याकडे भोंग्यासाठी ग्रामसभेचा ठराव पुरतो, सोसायट्यांनीही पुढच्या मीटिंगमध्ये हा विषय घ्यावा, आणि त्या वेळात आईवडिलांनीही फोन बाजूला ठेवावा ही कळकळीची विनंती.

एक पालक, पुणे