किडके दाणे कुटात नकोत

महोदय,

कर्करोगात ‘जनुक बिघडते’ एवढे सांगून भागत नाही; कसे, तेही वाचकांना कळायला हवे. ३९३ अमिनो आम्लांच्या (प्रथिनांच्या घटकांच्या) साखळीचे पी-५३ हे प्रथिन चार रेणूंच्या गटाने डीएनएला बिलगते आणि इजा झालेल्या पेशीचे विभाजन थांबवते. इजा भरून येत नसेल तर पेशीला मरायला लावते. त्याच्या जनुकाची एक प्रत बिघडून गटात सदोष रेणू मिसळले की चांगल्यांचेही काम बिघडते, म्हणून जनुकाची दुसरी प्रत शाबूत असूनही संरक्षण ढासळते. त्यातच एरवी काही मिनिटांत नष्ट होणारे हे प्रथिन सदोष झाल्यावर पेशीत साचू लागते.

१९९१ मध्ये चीन आणि आफ्रिकेच्या दक्षिण भागातील यकृताच्या अनेक कर्करोगांत याच प्रथिनात नेमक्या २४९व्या स्थानी बदल आढळला. संशय गेला मका-शेंगदाण्यावरील बुरशीच्या अफ्लाटॉक्सिन या विषावर. हिपॅटायटिस बी हा यकृताचा विषाणूसंसर्गही असल्यास धोका कित्येक पटींनी वाढतो.

हे विष भाजून, उकळून पुरते जात नाही. काळपट, सुरकुतलेले, कडवट दाणे कुटात खपवणे घातकच. ते फेकावेत, गुरांनाही घालू नयेत. शेंगा ८ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवून पोती जमिनीपासून उंच, फळ्यांवर ठेवावीत. बाळाला हिपॅटायटिस बीची पहिली लस जन्मानंतर २४ तासांत द्यावी.

– एक वाचक