एमपीएलएस लिंकवर व्हिडिओ कॉल तुटण्याबाबत तक्रार

प्रति,
तांत्रिक सेवा प्रमुख

विषय: मुख्य कार्यालय (५० एमबीपीएस) व सहा शाखा (प्रत्येकी २० एमबीपीएस) यांना जोडणाऱ्या आपल्या खासगी (एमपीएलएस) लाइनवरील व्हिडिओ कॉलचा दर्जा, आणि तीन तिकिटे (नोंदवलेल्या तक्रारी) न तपासता बंद केल्याबाबत.

महोदय,

तीन वेळा तिकीट काढले आणि तिन्ही वेळा उत्तर एकच आले: स्पीड टेस्टमध्ये पूर्ण ५० एमबीपीएस मिळतात, लाइनच्या वापराचा ग्राफ चाळीस टक्क्यांच्या वर जात नाही, सबब लाइन ठीक आहे. स्पीड पूर्ण मिळतो हे आम्हालाही मान्य आहे. तक्रार स्पीडची नव्हतीच.

स्पीड टेस्ट टीसीपी या पद्धतीवर चालते. वाटेत पॅकेट (डेटाचा तुकडा) पडले तर टीसीपी ते पुन्हा पाठवते आणि शेवटी आकडा चांगलाच दिसतो. कॉलचा आवाज यूडीपीवर जातो, तिथे पडलेले पुन्हा पाठवले जात नाही; दर २० मिलिसेकंदांना एक पॅकेट, म्हणजे सेकंदाला ५०. एखाददुसरे पडले तर सॉफ्टवेअर अंदाजाने भरून काढते, कानाला कळतही नाही. सलग आठ-दहा पडली की एक अक्षर जाते. ‘करू नका’मधला ‘न’ गळाला की पलीकडे ‘करू का’ ऐकू येते. चित्राचे आणखी वाईट होते. एक पॅकेट हरवले की त्यावर बेतलेल्या पुढच्या फ्रेमही बिघडतात, मग समोरची बाजू नवी की-फ्रेम (संपूर्ण, स्वतंत्र चित्र) मागते. की-फ्रेम साध्या फ्रेमच्या कित्येक पट मोठी असते. गच्च भरलेल्या लाइनवर तो नवा लोंढा आला की त्यातलीही पॅकेटे पडतात. चित्र गोठते, सुटते, पुन्हा गोठते, ते यामुळे.

ही पॅकेटे पडतात कुठे, तेही शोधले आहे. मोडेम बंद करून चालू करा, असे पुन्हा सांगू नये म्हणून आधीच लिहितो: चाचण्या केबलवर केल्या, वाय-फायवर नाही, पोर्ट दोन्ही बाजूंना १ जीबीपीएस फुल डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्ही दिशांना) आहेत आणि सीआरसी एरर (वाटेत बिघडलेली पॅकेटे) शून्य आहेत.

पहिला दोष आपल्या पोलिसिंगमध्ये, म्हणजे मर्यादेबाहेरची पॅकेटे फेकून देण्यात आहे. आमचा राउटर आपल्याला १ जीबीपीएसच्या पोर्टवर जोडलेला आहे, मर्यादा ५० एमबीपीएसची आहे आणि आपल्या इंजिनिअरने सांगितल्याप्रमाणे बर्स्ट (एका दमात सोडता येणारा डेटा) ३२ केबी आहे. म्हणजे सलग एकवीस मोठी पॅकेटे झाली की ही मुभेची बादली रिकामी. १ जीबीपीएसच्या वेगाने त्याला पाव मिलिसेकंदच लागतो. कोणी फाइल पाठवायला घेतली की ती बादली उपसते आणि मागून आलेले आवाजाचे छोटे पॅकेट विनाकारण फेकले जाते. हे पाच मिनिटांच्या सरासरीच्या ग्राफवर दिसणारच नाही. लाइन तीन सेकंद तुडुंब भरली आणि उरलेला वेळ मोकळी राहिली, तर तो ग्राफ अर्धा एमबीपीएस दाखवतो.

यावर आम्ही आमच्या बाजूने ४७.५ एमबीपीएसवर शेपिंग (जास्तीची पॅकेटे न फेकता थोपवून सोडणे) लावले. पॅकेटांचे नुकसान कमी झाले, थांबले नाही. कारण आमचा राउटर फक्त आयपी पॅकेट मोजतो आणि आपण काय मोजता हे करारात कुठेच नाही. आवाजाचे १२० बाइटचे पॅकेट इथरनेटचे हेडर, प्रिअँबल आणि मधली मोकळी जागा धरून १५८ बाइटचे होते, म्हणजे जवळपास ३२ टक्के जास्त. मोठ्या पॅकेटला हा फरक अडीच टक्क्यांचा आहे. तेव्हा ५० एमबीपीएस नेमके कोणत्या थरावर (फक्त आयपी पॅकेट, की इथरनेटसकट) मोजता, हे लेखी कळवावे. एका ओळीचे उत्तर आहे.

दुसरा दोष आमच्या हाताबाहेरचा आहे. सहा शाखा मिळून १२० एमबीपीएस पाठवू शकतात आणि मुख्य कार्यालयाकडे येणारी वाट ५० ची आहे. ती रांग आपल्या राउटरवर लागते. आम्ही आवाजावर डीएससीपी (पॅकेटवरील प्राधान्याचा आकडा) ४६ आणि व्हिडिओवर ३४ असे मार्किंग करून पाठवतो. दोन्ही टोकांना एकाच वेळी घेतलेल्या कॅप्चरमध्ये (पॅकेटांच्या नोंदीत) पलीकडे दोन्हींवर शून्य दिसते. मार्किंग पुसले गेल्याने आवाज बॅकअपच्या मागे रांगेत उभा राहतो, आणि ती रांग २५० मिलिसेकंदांपर्यंत जाते. ५० एमबीपीएसला हा दीड एमबीहून जास्त साठा झाला. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) जी.११४ शिफारशीत एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवायला सांगितले आहे.

पडताळणी सोपी आहे. आयपर्फ ३ (लाइन तपासण्याचे सॉफ्टवेअर) यूडीपी मोडमध्ये, २ एमबीपीएसवर, टीओएस बाइट १८४ (म्हणजे डीएससीपी ४६) ठेवून ६० सेकंद चालवा. त्याच वेळी तीन शाखांतून मोठी फाइल पाठवा. रिकाम्या लाइनवर नुकसान शून्य आणि जिटर (विलंबातला चढउतार) १ मिलिसेकंदाच्या आत आहे. फाइल सुरू होताच नुकसान ३.४ टक्के आणि जिटर २८ मिलिसेकंद होतो. रिकाम्या लाइनवरचे पिंग आम्हाला पुरावा म्हणून पाठवू नये.

आपल्या विक्री विभागाने मुख्य कार्यालयाची लाइन १०० एमबीपीएस करण्याचा प्रस्ताव दिला आहे. १२० तरीही १०० पेक्षा जास्तच. शिवाय मुख्य कार्यालयातून २० च्या शाखेकडे जास्त वेगाने माल सुटेल आणि त्या टोकाची रांग उलट लवकर भरेल. बिघाड न शोधता मोठी लाइन विकणे याला आम्ही दुरुस्ती म्हणत नाही.

आम्हाला हवे ते असे. डीएससीपी मार्किंग जसेच्या तसे पलीकडे पोहोचावे. ४६ ला प्राधान्याची रांग द्यावी, पण २ एमबीपीएसची मर्यादा घालून. आमच्या बारा कॉलना आवाजासाठी एक एमबीपीएसही लागत नाही. ३४ ला मुख्य कार्यालयाकडे किमान २० एमबीपीएस राखून ठेवावेत. उरलेल्या ट्रॅफिकची रांग ३० मिलिसेकंदांच्या आत ठेवावी किंवा एफक्यू-कोडेल (रांग आपोआप छोटी ठेवणारी पद्धत) लावावे. ते २०१८ पासून आरएफसी ८२९० या इंटरनेट तांत्रिक दस्तऐवजात आहे. पोलिसिंगचा बर्स्ट किमान ५० मिलिसेकंदांचा, म्हणजे सुमारे ३१२ केबी करावा.

करारातील नुकसानीची ‘महिन्याची सरासरी ०.१ टक्के’ ही अटही बदलावी. तीस दिवसांत ४३,२०० मिनिटे असतात. त्यातली ४३ मिनिटे एकही पॅकेट पोहोचले नाही तरी आपण अटीत बसता. नुकसान वर्गनिहाय आणि दर मिनिटाला मोजले जावे.

कॅप्चर आणि आयपर्फचे निकाल सोबत जोडले आहेत. सात दिवसांत आपल्या बाजूच्या दोन्ही राउटरची क्यूओएस (प्राधान्याच्या रांगांची) सेटिंग आणि ड्रॉप काउंटर (फेकलेल्या पॅकेटांचे आकडे) पाठवावेत, आणि चाचणीच्या वेळी ती सेटिंग बदलण्याचा अधिकार असलेला इंजिनिअर लाइनवर द्यावा. तोवर चौथे तिकीट बंद करू नये.

आपला,
नेटवर्क विभाग