आईला टीबी नव्हताच रे

धरमपेठ, नागपूर

मन्या,

फोनवर सांगितलं असतं पण आई बाजूलाच बसून असते, म्हणून लिहून टाकतो. आईला टीबी नाहीये बे. सात महिने गोळ्या खाल्ल्या तिने, लघवी लाल, तोंडाची चव गेली, नातवाला जवळ येऊ दिलं नाही, शेजारच्या काकूंनी तर फाटकातूनच विचारपूस चालवली, आणि आता म्हणे दुसराच जंतू, एनटीएम. टीबीच्याच खानदानातला, मायक्रोस्कोपखाली दोघं सारखेच लाल दिसतात, त्यामुळे थुंकी पॉझिटिव्ह आली की गोळ्या सुरू. फरक पडेना तर एमडीआर, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणारा टीबी असेल म्हणून अजून घाबरवलं. शेवटी एका डॉक्टर मॅडमनी सगळे कागद पाहिले, म्हणाल्या थुंकी पॉझिटिव्ह आणि सीबीनॅट (खास टीबीच्याच जंतूचे जीन्स शोधणारी टेस्ट) निगेटिव्ह, तेव्हाच शंका यायला पाहिजे होती. दोनदा कल्चर लावलं, म्हणजे थुंकीतला जंतू लॅबमध्ये वाढवून पाहिला, दीड महिना वाट पाहिली, दोन्हीत एव्हियम, एनटीएमचाच एक प्रकार.

माती, नळ, शॉवर सगळीकडे असतो हा, क्लोरीनलाही दाद देत नाही, पण माणसाचा माणसाला सहसा लागत नाही. म्हणजे नातवाला उगाच दूर ठेवलं! (बाबांनी लगेच कूलरवर खापर फोडलं, ते जाऊ दे.)

मी मॅडमना विचारलं, हे वाढून राहिलं का? तर अमेरिकेत पासष्टीच्या वरच्यांत १९९७ मध्ये लाखामागे २० पेशंट होते, २००७ मध्ये ४७. जपानमध्ये २०१४ च्या पाहणीत नवे पेशंट लाखामागे १४.७ निघाले, म्हणजे तिथे फुफ्फुसाच्या टीबीलाही मागे टाकलं. थोडं सीटी स्कॅन आणि कल्चर जास्त होतात म्हणून, थोडं लोक म्हातारे होऊन राहिले म्हणून. बारीक, वयस्कर, कधी सिगारेट न ओढलेल्या बायकांत बरंच दिसतं म्हणे, म्हणजे आपली आईच की. आपल्याकडे टीबी २०१२ पासून सरकारला कळवावाच लागतो, याला तसं काही बंधन नाही. सात महिने आई टीबीच्या आकड्यात होती, आता कुठल्याच नाही. मग वाढतंय का कमी होतंय, सांगणार कोण?

आता अझिथ्रो, इथॅम्ब्युटॉल, रिफॅम्पिसिन, कल्चर निगेटिव्ह आल्यावरही वर्षभर. डोळे तपासत राहायचे, इथॅम्ब्युटॉलने रंग ओळखायला त्रास होऊ शकतो.

काल आईला म्हटलं, काकूंना सांगून येऊ का हे लागत नाही म्हणून? तर म्हणते, राहू दे, दुपारची झोप तरी होते.

तुझा,
पिंट्या